राणीचं वय

माझ्या मावशीनं आयुष्यातली तीसेक वर्षं एका खिडकीमागे काढली. नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीची ती खिडकी. समोर लोखंडी गज, खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट आणि आत उंच स्टुलावर बसलेली मावशी. नट मंडळी तिला खिडकीताई म्हणायची. रांगेत कोण उभं आहे हे तिला चेहऱ्यापेक्षा हातावरून जास्त कळायचं, कारण फटीतून आत हातच यायचे. आधी बापाचं बोट धरून आलेला हात, मग मैत्रिणीसाठी दुसरं तिकीट मागताना घाम फुटलेला हात, मग अंगठी घातलेला आणि मग हळूहळू शिरा वर आलेला. एका जागी बसून तिनं अख्खं गाव म्हातारं होताना बघितलं.

तिसरी घंटा झाली की खिडकी बंद करायची, कुलूप लावायचं आणि मागच्या दारानं अंधारात शिरून भिंतीला टेकून उभं राहायचं, हा तिचा शिरस्ता. त्यामुळे प्रत्येक नाटकाची सुरुवात हुकायची. "मला सगळ्या नाटकांचे शेवट विचारा, सुरुवात विचारू नका," असं ती हसून सांगायची. पण ते तिला खुपत होतं. म्हणून ती वाचनालयातून नाटकांची पुस्तकं आणायला लागली, तीही आधी फक्त पहिला प्रवेश वाचण्यापुरती. पहिल्या प्रवेशावरून दुसऱ्यावर, नाटकावरून त्याच्या टीकेवर आणि टीकेवरून परीक्षेला बसण्यावर ती कधी घसरली ते तिचं तिलाही कळलं नाही. दुपारी खिडकीवर चिटपाखरू नसायचं तेव्हा स्टुलावर बसून वाचत तिनं बाहेरून बी.ए. केलं आणि पुढे एम.ए.सुद्धा.

ती निवृत्त झाली तेव्हा नाट्यगृहातल्या लोकांनी तिला एक आरामखुर्ची भेट दिली. लाकडी, वेताच्या पाठीची, चांगली ऐसपैस. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची तिनं काकांच्या हवाली केली आणि स्वतः विद्यापीठात पीएच.डी.ची चौकशी करायला गेली.

काकांबद्दल, म्हणजे मावशीच्या नवऱ्याबद्दल, सांगायला हवं. ते शहराच्या जलतरण तलावावर प्रशिक्षक होते. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून पोहून गेलं होतं आणि सगळे त्यांना कोच म्हणायचे. घरातही तेच नाव पडलं होतं. उन्हानं रापलेला, छाती भरलेला माणूस, आणि आवाज असा की "मीठ दे" म्हणाले तरी शेजारचा माणूस दचकायचा. पासष्टी ओलांडली तरी रविवारची एक बॅच त्यांनी सोडली नव्हती. नाटकाचं मात्र त्यांना वावडं. दिवे मंद झाले रे झाले की त्यांचं घोरणं सुरू.

मावशीनं पीएच.डी.चं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, डॉक्टर होऊन करणार काय? कुणाला गोळी तरी देता येणार आहे का?"

"तुम्हाला देणार आहे," मावशी म्हणाली. "शांत बसायची."

विषय तिनं स्वतः ठरवला होता: आधुनिक नाटकातली मिथकं आणि वार्धक्य. नाव भारदस्त असलं तरी तिचा प्रश्न साधा होता. शाप लागून अकाली म्हातारा झालेला आणि आपल्या मुलाकडे त्याचं तारुण्य मागणारा राजा, ही जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मावशीच्या मते आजच्या कितीतरी नाटकांत तोच राजा वेश बदलून बसलेला होता. एका नाटकात तो कारखान्याच्या किल्ल्या न सोडणारा मालक झाला होता. दुसऱ्यात आवाज गेलेला गवई झाला होता आणि शिष्याच्या गळ्यातून आपणच गातोय असं मानत होता. तिसऱ्यात तो घरच्यांवर रोज खटला चालवणारा निवृत्त न्यायाधीश होता. "सिंहासनावरचा म्हातारा उठून घरातल्या खुर्चीवर कसा आला, एवढंच मला शोधायचंय," ती मला म्हणाली. मी मान डोलावली. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

प्रवेशाच्या मुलाखतीत समितीतल्या एकानं तिच्या अर्जावरची जन्मतारीख दोनदा बघितली आणि विचारलं, "या वयात एवढा व्याप झेपेल?"

"विषयच वयाचा आहे साहेब," मावशी म्हणाली. "तिशीत केला असता तर ऐकीव लिहावं लागलं असतं."

तिचे गाइड तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होते. मुलाखत संपल्यावर ते तिच्यामागे जिन्यापर्यंत आले. "मला शेवटच्या रांगेचं तिकीट देऊन 'पुढे रिकामी खुर्ची दिसली तर गुपचूप सरका' म्हणणाऱ्या तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. मावशीनं त्यांच्या हातांकडे बघितलं आणि होकार दिला. त्या दिवसापासून ते तिला ताई म्हणायचे आणि ती त्यांना सर.

विभाग इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्टचा पत्ता नव्हता. प्रत्येक वळणावर थांबून मावशी भिंतीवरच्या जुन्या नोटिसा वाचल्यासारखं करायची, गुडघे दुखतात हे कुणाला कळू नये म्हणून. वर संशोधकांची एक लांबोळी खोली होती. एक लांब टेबल, धड न लागणारी एक खिडकी, पुस्तकांच्या चळतींखाली वाकलेलं कपाट आणि सगळ्यांत मिळून विजेचा एकच प्लग. बाकीचे संशोधक पंचविशीतले. पहिल्या आठवड्यात कुणीतरी तिला आजी म्हणालं. मावशी म्हणाली, "आजी म्हणायला माझी हरकत नाही. पण मग चार्जर लावायचा पहिला मान माझा." त्यानंतर सगळ्यांनी ताई म्हणायला सुरुवात केली.

पहिलं प्रकरण तिनं जीव ओतून लिहिलं. सरांनी ते वाचून परत दिलं तेव्हा समासात पानोपानी पेन्सिलीनं एकच शब्द होता: मग?

"राजा म्हातारा होतो असं तुम्ही दाखवलंत. मग?" सर म्हणाले. "कारखानदारही तसाच आहे. मग? ताई, हे सगळं बरोबर आहे. पण तुमच्या आधी चार जणांनी हे लिहून ठेवलंय. तुम्हाला, तुम्हालाच, यात काय दिसतं?"

मावशी त्या दिवशी जिना एका दमात उतरली. घरी येऊन तिनं प्रकरण कपाटावर ठेवलं. मला फोनवर म्हणाली, "एवढीशी पेन्सिल असते, पण किती टोचते बघ."

ती दुसरा खर्डा लिहायला बसणार, एवढ्यात काका पडले.

तलावाच्या काठावरच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. ज्या फरशीवर धावू नका म्हणून त्यांनी हजारो पोरांना दम दिला असेल, त्याच फरशीवर. कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चाला, जेवढं चालाल तेवढं लवकर बरे व्हाल. काका घरी आले, मावशीच्या आरामखुर्चीत बसले आणि उठायचं नाव घेईनात.

माणूस पार बदलला. खुर्ची खिडकीपाशी लावली होती. तिथून खालचा वाहनतळ दिसायचा. दिवसभर ते तिकडे बघत बसायचे आणि कुणाची गाडी वाकडी लागली आहे ते मोठ्यानं सांगायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला त्यांनी दोन वेळा परत पाठवलं. पाण्याचं नाव काढलं तर अंगावर यायचे. मावशी आत कामात असली की हाक मारण्याऐवजी ते गळ्यातली तलावावरची शिट्टी फुंकायचे. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे चष्मा सापडत नाहीये. लांब शिट्टी म्हणजे नुसतंच ये. पहिल्या दिवशी मावशीला हसू आलं. महिन्याभरानं शिट्टी वाजायच्या आधीच ती हातातलं टाकून उठायला लागली.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. शाळेत असताना ती पोहण्याच्या शर्यती जिंकायची. काकांनी तिला बोलावून सांगितलं, "रविवारची बॅच तू घे. नाहीतर तलाववाले दुसऱ्या कुणाला देतील."

"बाबा, आठवड्यात माझा म्हणून एकच रविवार आहे," ती म्हणाली. "तोही तुम्हाला हवाय?"

काकांनी तोंड फिरवलं. ती रडत घरी गेली. मावशी दाराशी उभी होती. तिच्या मनात तो जुना राजा चमकून गेला, पण तेवढ्यात लांब शिट्टी वाजली आणि ते मनातलं मनातच राहिलं. प्रबंध कपाटावर धूळ खात पडला होता. सरांचे फोन यायचे. ती म्हणायची, "बघते सर, जरा घरचं मार्गी लागू दे."

पुढचं मला मावशीनं सांगितलं आणि ती सांगत असताना काका शेजारी बसून दुरुस्त्या करत होते, म्हणून त्यातलं बरंचसं खरं असावं.

एका दुपारी वीज गेली. टीव्ही बंद पडला आणि काका कंटाळून गेले. मावशीनं कपाटावरून त्या गवयाच्या नाटकाचं पुस्तक काढलं. तिला निदान वाचन चालू ठेवायचं होतं. "मोठ्यानं वाच," काका म्हणाले, "नाहीतर झोप येईल." मावशी म्हणाली, "तुम्हीच वाचा ना. तुम्ही गवयाचं वाचा, मी त्याच्या बायकोचं." काकांनी आढेवेढे घेतले, पण चष्मा लावला.

आवाज तर होताच. पहिल्या पानात ते अडखळले, दुसऱ्या पानात रंगात आले. गवई शिष्यावर चिडतो, नशिबावर चिडतो, आरशावर चिडतो. काका त्याच्याहून जास्त चिडले. पान उलटलं, मग आणखी एक उलटलं. शेवटी त्यांना धाप लागली.

"अगं, मी केव्हाचा एकटाच बोलतोय. तू कधी बोलणार?"

"माझं वाक्य अजून आलेलं नाही," मावशी म्हणाली.

"मग या सगळ्या वेळात तू काय करतेयस?"

मावशीनं पुस्तकात बघितलं. "मी तंबोऱ्याची गवसणी शिवतेय."

आणखी काही पानांनी तिचं वाक्य आलं. ते असं होतं: "तुम्ही औषध घेतलंत का?"

हेच वाक्य मावशी काकांना वाचायला बसण्यापूर्वी म्हणाली होती, शब्दन् शब्द तेच. तिला हसू फुटलं. आधी खुदकन, मग खदाखदा, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका बघतच राहिले. "यात हसण्यासारखं काय आहे? वाच की पुढे."

"पुढे काही नाही. अंक संपला," मावशी म्हणाली. पुस्तक मिटून तिनं मांडीवर ठेवलं. "आता पुस्तकात नाही ते वाचते. राणी बोलतेय असं समजा. महाराज, तुम्हाला शाप लागला हे सगळ्या राज्याला माहीत आहे. दवंडी पिटून झाली. तुमचा एकेक पांढरा केस दरबारानं बघितलाय. माझा कुणी बघितला? मी तुमच्याहून चारच वर्षांनी लहान आहे. मलाही गुडघे आहेत. मी जिन्याच्या एकेका वळणाला थांबते आणि भिंतीवरचे कागद वाचल्याचं सोंग करते. माझं एक काम होतं. ते कपाटावर पडलंय. तुम्ही शिट्टी फुंकता आणि मी धावत येते. कोच, मी तुमची बॅच नाही हो."

राणीचा आवाज कधीच मागे पडला होता. बोलत होती ती मावशी.

काकांनी पुस्तक घेऊन मागची-पुढची पानं चाळली. मग म्हणाले, "हे खरंच पुस्तकात नाही?"

"नाही. कुठल्याच पुस्तकात नाही."

त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. त्या दिवशी शिट्टी पुन्हा वाजली नाही. पण दोघं एकमेकांशी बोललेही नाहीत. काय होऊन बसलं, असं मावशीला वाटत राहिलं.

सकाळी तिला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघरात काका ओट्याला पोट टेकून उभे होते, वॉकर आडवा पडलेला, चहा अर्धा कपात आणि अर्धा ओट्यावर. "साखर कुठे असते हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. मावशीनं घोट घेतला. त्यांना ती अजूनही सापडली नव्हती, कपात मीठ पडलं होतं. तिनं तो चहा ओतून दिला, साखरेचा डबा दाखवला आणि त्यांना पुन्हा करायला लावला.

"राणी तो तसाच प्यायली असती," मावशी मला सांगताना म्हणाली.

"एवढं काही खारट नव्हतं," काका म्हणाले.

त्यानंतर व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला परत बोलावण्यात आलं. काकांनी तिची माफी मागितली नाही. पण तिनं सांगितलेल्या प्रत्येक हालचालीला ते स्वतःच मोठ्यानं आकडे मोजायला लागले. तिला ते पुरलं.

मावशी विभागात गेली ती तडक सरांच्या टेबलापाशी. "राजा तारुण्य उपभोगत होता तेवढ्या वर्षांत राणीचं वय काय होतं?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं. "गोष्टीत नाही. म्हटलं निदान आजच्या नाटकांत असेल. कारखानदाराची बायको, गवयाची बायको, न्यायाधीशाची बायको. राजाचं म्हातारपण हा शाप आहे, शोकांतिका आहे. तिचं म्हातारपण म्हणजे काय? ती नुसतीच एका अंकात काळ्या केसांची असते आणि दुसऱ्यात पांढऱ्या. मधे काय झालं ते कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. सर, मी पहिलं प्रकरण अख्खं लिहिलं आणि राणीचा एकदाही उल्लेख केला नाही."

सरांनी पेन्सिल उचलली आणि कानामागे खोचली. "बसा ताई," ते म्हणाले. "हे पहिल्यापासून सांगा."

पुढची वर्षं ती या एका प्रश्नाच्या मागे हात धुवून लागली. सापडेल ते नाटक वाचलं. म्हातारी बाई कुठे येते, काय बोलते, बोलत नाही तेव्हा तिच्या हातात काय असतं, हे बघत गेली. तिच्या लक्षात आलं की म्हाताऱ्या पुरुषाला नाटककार स्वगत देतो आणि म्हाताऱ्या बाईला हातकाम देतो. क्वचित एखाद्या नाटकात उलटं झालेलं सापडलं की तिचा मला लगेच फोन यायचा. मी कार्यालयात असायचे. "बोल," मी दबक्या आवाजात म्हणायचे. "बाई बोलली!" ती आनंदानं ओरडायची. "अख्खं पान बोलली!"

गवयाच्या नाटकात त्याच्या बायकोचं काम ज्या नटीनं पहिल्यांदा केलं होतं, ती हयात आहे असं तिला कळलं. मी मावशीला गाडीतून तिच्याकडे घेऊन गेले. ऐंशीच्या घरातली बाई, ताठ कण्याची, गॅलरीत कुंड्यांची गर्दी. तिनं मावशीला लगेच ओळखलं. "अरे, खिडकीताई! तुम्ही अख्ख्या दिसताय ते आज पहिल्यांदाच."

मावशीनं त्या भूमिकेबद्दल विचारलं. नटी हसली. "मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा. केसांना पांढरी पावडर फासायची आणि कमरेत वाकायचं, एवढं दिग्दर्शकानं सांगितलं होतं. म्हातारी म्हणजे वाकलेली. सगळा प्रयोग मी जमिनीकडे बघत केला."

"आणि आज केलंत तर?"

नटीनं हातातली झारी खाली ठेवली. उठून खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एका न दिसणाऱ्या माणसाकडे बघून म्हणाली, "तुम्ही औषध घेतलंत का?" ती वाकली नव्हती. सरळ उभी होती, त्याच्या डोळ्यांत बघत. त्या प्रश्नात काळजी होती, कंटाळाही होता, आणि अजून तुला सोडून गेलेले नाही हे ध्यानात ठेव, असंही काहीतरी होतं. मावशी लिहायचं विसरून गेली.

"वाक्य चांगलं आहे हो," नटी पुन्हा बसत म्हणाली. "मलाच तेव्हा म्हणता येत नव्हतं."

परत येताना मावशी गाडीत वही उघडून बसली. मग म्हणाली, "म्हणजे नाटककारावर सगळं खापर फोडून चालायचं नाही. करणाऱ्यांनी काय केलं, बघणाऱ्यांनी काय बघितलं, तेही लिहायला हवं. आणखी एक प्रकरण वाढलं बघ." एवढ्या खुशीत तिला मी फार दिवसांनी बघत होते.

इकडे काका काठी टेकत खाली उतरायला लागले होते. पाण्यात व्यायाम केलात तर कमरेवर भार येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी मुलगीच त्यांना घेऊन गेली. उथळ भागात कठडा घट्ट धरून ते उभे राहिले. ज्या जागी पाच वर्षांची पोरं उभी राहतात, त्या जागी. "मला भीती वाटतेय," ते मुलीला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य उच्चारलं असेल. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला काय सांगायचात? आधी नुसतं उभं राहा. पाण्याला ओळख पटू दे." दोघं तशीच उभी राहिली.

त्यातून नवीन बॅच निघाली. दुपारी तलाव रिकामा असायचा. आधी काकांच्याच वयाचे दोघे-तिघे गुडघेदुखीवाले आले, मग त्यांच्या बायका आल्या, मग बायकांच्या मैत्रिणी. ज्यांनी जन्मात पाण्यात पाय घातला नव्हता अशा बायका टोप्या घालून कठड्याला रांगेनं उभ्या राहायला लागल्या. काका आता ओरडत नाहीत. ओरडलं तर बायका उलट ओरडतात. मावशीही जायला लागली. तिचा श्वास पाण्यात चुकतो, पण पाठीवर तरंगायला तिला झकास जमतं. छताकडे बघत पडून राहायचं आणि पुढच्या प्रकरणाचा विचार करायचा.

प्रबंधाच्या खुल्या मौखिक परीक्षेला आम्ही सगळे गेलो. विभागाची ती लांबोळी खोली खचाखच भरली होती. काका काठी टेकत, वळणावळणावर थांबत वरपर्यंत चढले होते. बाहेरून आलेले परीक्षक किरकोळ अंगाचे, अतिशय मृदू बोलणारे विद्वान होते. मृदू बोलणाऱ्यांची मला जास्त धास्ती वाटते.

"बाई," ते म्हणाले, "राणीचं वय संहितेत नाही. जे संहितेतच नाही, त्यावर प्रबंध कसा उभा राहील?"

"सर, राजाच्या बाबतीत सगळं लिहिलेलं आहे," मावशी म्हणाली. "त्याचा खोकला, त्याचे हात, त्याची झोप. शेजारीच बसलेल्या बाईबद्दल नाही. लिहिलेलं नसणं हीसुद्धा संहितेतलीच जागा आहे. मी त्या रिकाम्या जागेचा अभ्यास केला."

"ही घरगुती तक्रार नाही कशावरून?"

खोलीत चुळबुळ झाली. मावशी म्हणाली, "सुरुवात तक्रारीनंच झाली, सर. नाही म्हणणार नाही. पण तक्रार एका पानात संपते. त्यापुढची सगळी पानं पुराव्याची आहेत. तुम्ही तपासा."

परीक्षकांनी पानं उलटली. "तपासली आहेत. न्यायाधीशाच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको दिवा विझवत नाही. न्यायाधीश विझव म्हणतो, ती विझवत नाही, आणि पडदा पडतो. एका ओळीची रंगसूचना आहे. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात तुम्ही म्हणता की ही बाई संपूर्ण नाटकात नकार देत नाही."

मावशीनं नाटकाचं पुस्तक मागून घेतलं. ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. तिचे कान लाल झाले.

"हे माझ्या नजरेतून सुटलं," ती म्हणाली. "मी बोललेलं शोधत राहिले. तिनं न केलेलं बघितलं नाही. हे धरलं तर तिसऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष उलटतो." आणि मग, परीक्षा चालू आहे हे विसरून, चेहरा उजळून ती म्हणाली, "सर, पण हे किती छान आहे! म्हणजे तिनं नाही म्हटलं होतं!"

परीक्षक पहिल्यांदाच हसले. "हो बाई. म्हटलं होतं."

तिसरं प्रकरण सुधारून द्यायच्या अटीवर तिला पदवी द्यायचं ठरलं. काकांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की काठी खाली पडली. ते सबंध वेळ जागे होते, याची साक्ष द्यायला मी तयार आहे. प्रकरण तिनं पुरतं नव्यानं लिहिलं. सर म्हणतात, सगळ्या प्रबंधात तेच सरस झालंय.

आता विभागात आठवड्यातून एकदा ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मुलं तिला घाबरत नाहीत, पण वाचून न येण्याची त्यांची छाती होत नाही. नटीबाई मधे एकदा वर्गात येऊन गेल्या. मावसबहिणीनं रविवार स्वतःकडेच ठेवलाय, पण कधीमधी लहर आली तर ती दुपारच्या बॅचला येऊन बायकांना सूर मारून दाखवते.

परवा मी मावशीकडे गेले तर टेबलावर नवी चळत. सगळी लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तकं, चित्रांची. मला वाटलं, कुणाला भेट द्यायचीयेत.

"छे गं," ती म्हणाली. "सरांना कळवलंय मी. आता चेटकिणी घेतेय. सगळ्या गोष्टींत त्या म्हाताऱ्याच का असतात, आणि एकट्याच का राहतात, ते बघायचंय." तिनं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. चित्रात जंगलातली झोपडी होती, धुराडं, मांजर, फळीवर ओळीनं बरण्या. "आणि घर इतकं नीटनेटकं कसं ठेवतात गं त्या, तेही."